टालनेर

देवमन आबाला मी मोबाईलवर किल्ले दाखवतेय.
थाळनेरच्या घुमटांची सावली, मे महिना, साडेचार वाजलेले,
शेळ्या उन्हाला वैतागून थडग्यांच्या ओट्यावर चढलेल्या,
खाली तापी, तिच्या मधोमध कुणाचं तरी टरबुजाचं वावर.

हा वेल्समधला, मी म्हणते. समुद्राला लागूनच.
दोन बस बदलून गेले होते, पाऊस तिरपा,
विद्यार्थी म्हणून तिकिटात सवलत मिळाली
तरी तीन दिवसांचं दूध-पाव त्यात गेलं.
आबा फोटो डोळ्यांपासून लांब धरतो.
"आते कोन ऱ्हास तठे?"
कुणी नाही.
"मंग झाडस कोन?"

ही रोमन लोकांची भिंत.
टेकड्यांवरून नुसती चालत सुटलेली, दोन्ही अंगांना मेंढ्या.
"एवढ्या शिपायास्ले पानी कथाईन लयेत?"
कानाला लावायचं यंत्र होतं तिथे, चौदा नंबरचं बटण दाबलं की
दरवाजे, पहारे, शिपायांच्या चपला, सगळं सांगायचं.
पाण्याचं सांगितलं असेलही.
माझे कान गारठले होते, मी ते काढून ठेवलं.

लीड्सला कापडाचं शिकायला गेले होते.
गिरणीच्या संग्रहालयात सरकीचा वास आला तेव्हा
आमच्या जिनिंगच्या फाटकाशीच उभी आहे असं वाटलं
क्षणभर, मग गाईडने पुढे चला म्हटलं.

आणि हा?
हा किल्ला नाही आबा, चर्च आहे.
एका खेड्यात परतीची बस चुकली, पुढची दोन तासांनी,
पाऊस चुकवायला आत शिरले.
वेळ काढायला भिंतीवरचे दगड वाचत गेले:
अमक्याची प्रिय पत्नी, तमक्याची तीन लेकरं, एकाच आठवड्यात.
मग एक लेफ्टनंट, वय तेवीस,
कुठल्याशा किल्ल्यावर पडला, फेब्रुवारी १८१८.
गावाचं स्पेलिंग इतकं वाकडं की मी पुढे निघून गेले होते.
टालनेर.
खाली बारीक अक्षरांत कांदेश.
दगडापाशी परत येईपर्यंत
ओठांनी आपोआप चूक दुरुस्त केली होती.

फुलदाणीतलं पाणी बदलणारी एक म्हातारी होती तिथे.
तुमच्या ओळखीतला का, तिने विचारलं.
म्हटलं, तो नाही. गाव ओळखीचं आहे.
ती बाकावर बसली. मग मीही.
तिथे त्याची कबर नीट आहे का हो?
मला माहीत नव्हतं.
एवढी वर्षं त्या तटावरून घसरगुंडी केली,
गुडघे फोडले, दहावीचा भूगोल तिथेच पाठ केला.
किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिलं, हे गुरुजींनी
एका ओळीत सांगितलं होतं आणि घंटा झाली होती.
ते तिला सांगितलं. माझ्या इंग्रजीत ते
होतं त्याहून तुटक झालं.
सॉरी, ती म्हणाली.
सॉरी, मीही म्हणाले.
कशाबद्दल, ते दोघींनीही विचारलं नाही.
थर्मासमधला चहा कोमट होता. बिस्किट बुडवलं, तळाशी गेलं.

"वाच," आबा म्हणतो. "शे तसं वाच."
मी इंग्रजीत वाचते.
तो मान खाली घालून ऐकतो, सगळं समजत असल्यासारखा,
आणि एका शब्दावर काठी आपटतो.
"थाळनेर म्हन.
त्यास्ले नही जमनं, ते जाऊ दे.
तू ते अठलीच शे ना?"

थाळनेर, मी म्हणते.

"कितला वरीसना व्हता?"
तेवीस.
"मन्हा भटूनी उमर."
मग बराच वेळ तो नदीकडे बघतो,
जिथे तटाचा एक अख्खा कोपरा पुरात गेलाय.
"आनि त्या दगडले झाडस कोन?"
एक म्हातारी आहे. दर रविवारी येते.
"मंग बरं शे," म्हणत तो मोबाईल परत देतो
आणि उठतो,
कारण तांबडी शेळी आठ कोनी घुमटाच्या आत गेलीय
आणि आतून तिचा आवाज
चार शेळ्यांचा येतोय.