फोटोखालची ओळ

सावद्याच्या भरीत सेंटरवर माझं काम एवढंच:
फोटो काढायचा आणि खाली ओळ लिहायची.
लीलामावशीने दिवसाला पन्नास रुपये ठरवलेत,
शिवाय दोन कळण्याच्या भाकरी.

सोमवारी लिहिलं, ‘चव, जी मनाला स्पर्शून जाते’.
मंगळवारी तीन ज्वाळा टाकल्या, शेवटी प्रश्नचिन्ह,
कारण प्रश्न विचारला की लोक थांबतात, असं ऐकलेलं.
थांबले अकरा जण.
त्यातले चार आमचेच भाऊबंद.

बुधवारी पहाटे पऱ्हाट्यांच्या जाळावर
वांग्यांची सालं तडकत होती
आणि मी धुरात डोळे चोळत शब्द शोधत होतो.
लज्जतदार, पारंपरिक, अस्सल...
सगळे आधीच कुणीतरी उष्टे केलेले.

मावशी बडगीत भरीत ठेचता ठेचता म्हणाली,
‘कायले एवढा इचार करू राह्यला रे?
वांगे आज कमी आले बामनोदहून.
अकराच्या आत या म्हना,
नाही त नुसता ठेचा खाऊन जा.’

तेच टाकलं. फोटोही तिच्या हातांचा,
काळ्या बोटावर चिकटलेलं मिरचीचं एक बी.

दहाला भुसावळहून रेल्वेतले तिघे आले,
बसण्याआधीच विचारलं, ‘उरलंय ना?’
साडेदहाला पातेलं खरवडलं.

‘काय लिवलं व्हतं त्याच्यात?’
‘तुझंच.’
पदराला हात पुसत ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली,
‘मंग आजचे पन्नास माहे.’