आस

कलम सात मी चार वेळा टाइप केलं.
पहिल्यांदा होतं:
जाळ्याचा आस पस्तीस मिलिमीटरपेक्षा लहान नसावा.
एवढंच, आणि पूर्णविराम.

मग मुंबईहून सातोसकर साहेब आले,
कसल्याशा निर्यात संघाचे मानद सल्लागार,
पायात साध्या चपला,
आमच्या मालवणच्या कचेरीत शिपायालाही अहो म्हणणारे.
माझ्या पोरीची दहावी त्यांच्या लक्षात होती.
"गणितात किती पडले?"
सत्त्याऐंशी, म्हटलं. खरंच खूश झाले.

समितीत दोन तज्ज्ञ होते.
एक पुण्याचा, एक कोचीचा,
दोघांचे अहवाल एकाच फाँटात,
समासही तेवढाच, डावीकडे सव्वा इंच.
टायपिस्टला असलं लगेच दिसतं.
टायपिस्टला विचारत कोणी नाही.

दुसऱ्या खेपेला कलमात "शक्यतो" आलं.
तिसऱ्या खेपेला "परंतु".
त्या वेळी माझ्याकडून "शक्यतो" गळलं.
साहेबांनी कागद उन्हाकडे धरला,
हळूच म्हणाले, "एक शब्द राहिला वाटतं, ताई."
चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या खेपेला सगळं पेनड्राइव्हवर तयारच आलं.
मला फक्त बोधचिन्ह वर घ्यायचं होतं.
मंत्र्यांनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सही केली,
चष्मा गाडीत राहिला होता,
सुरमईचा तुकडा ताटात थंड होत होता,
कुठे, एवढंच विचारलं,
आणि साहेबांनी बोट ठेवलं.

आमच्याकडे आस म्हणजे जाळ्याचा डोळा.
पोरीच्या मराठीच्या पुस्तकात अर्थ वेगळा दिलाय.

बाबा रापणीचे.
पट्टी कधी वापरली नाही त्यांनी,
दोन बोटं जोडून आसात घालायची,
बोटं सुटली तर पिल्लू सुटलं.
आता दिसत नाही त्यांना.

परवा धक्क्यावर नवं जाळं उतरलं, निळं, डोंगराएवढं.
शेजारी टोपल्यांत बांगड्याची पोरं, करंगळीएवढी,
खताच्या गाडीची वाट बघत.
बाबांनी जाळ्याचं टोक चाचपलं,
बोटं घातली, नाही गेली.
एक बोट घातलं.
तेही अडकलं नखाशी.

"ह्यातसून पाणी तरी जाता काय गो?"

शक्यतो, मी म्हणाले.
त्यांना तो शब्द कळला नाही.
बोट तसंच अडकवून
ते समुद्राच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.