दोन बोटं माया

पहिल्या खेपेला रांग होती.
केसपेपर हातात, पिशवी मांडीवर,
तीन तास बाकावर नि तीन मिनिटं टेबलावर.
"बाळ बरं आहे. चला, पुढची."
विचारायचं होतं ते सगळं
घरी पोळ्या लाटताना आठवलं.

या खेपेला चोपडे सिस्टरनी खुर्च्या गोल मांडल्या.
कसबा बावडा, दवाखान्याचा वरचा हॉल,
बुधवार, दुपारी तीन.
दहाजणी, सगळ्यांच्या तारखा दिवाळीच्या आगेमागे.
"शेजारणीचा बीपी तुम्हीच बघायचा," सिस्टर म्हणाल्या,
"आणि आकडा आपापल्या कार्डावर आपणच लिहायचा."
वैजयंता म्हणाली, "मला सहीपुरतंच येतंय की ओ."
शबनमनं तिला यंत्रातला इंग्रजी आठ शिकवला:
दोन पोटं, एकावर एक.

पोट मोजायला टेप माझाच.
मी शिलाईवाली, जन्म लोकांच्या मापात गेला,
पण आडवी झाले नि कुणी मला मोजलं
तेव्हा हसू आवरेना.
अठ्ठावीस आठवडे, सत्तावीस सेंटिमीटर.
"कापड कमी पडलं काय?"
"एवढं चालतंय," सिस्टर म्हणाल्या.

मग गोष्टी निघायच्या,
पडद्याआड कधी न निघालेल्या.
वैजयंता लोहाच्या गोळ्या जोंधळ्याच्या डब्यात लपवायची,
सासू म्हणायची, पोर काळं होतंय.
"आणि ती सवता काय दुधातनं काढलीय?"
हॉल हसला. पुढच्या बुधवारी
डबा रिकामा, गोळ्या पोटात.
पद्मल घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायची
आणि दिवस मावळला की तेही नाही.
शबनमला रात्री जी भीती वाटायची ती तिनं सांगितली.
मला वाटायचं, ती माझी एकटीचीच.

भादव्यात एका बुधवारी पद्मल उशिरा आली.
अंगात निळा ब्लाउज, पंधरा दिवसांपूर्वी मीच शिवलेला,
बाही दंडात रुतलेली.
पोटुशी बाई म्हणून मी दोन बोटं माया सोडली होती,
नि बाही पहिल्यांदाच ढिली ठेवली होती.
हे जेवून वाढलेलं नव्हे.
जोडवी निघेनात. डोकं ठणकतंय, म्हणाली,
उन्हानं असंल.
पट्टा चढेना, म्हणून ब्लेडनं बाही उसवली,
माझीच शिवण, माझ्याच हातानं.
एकशे साठ, एकशे दहा.
सिस्टरनी पुन्हा बांधला. तेच.
शबनमच्या नवऱ्याची रिक्षा खाली उभी होती.
सीपीआरपर्यंत सिस्टर मोबाइलवर कुणाशी तरी ओरडत होत्या
आणि माझ्या हातात पद्मलची मूठ,
फुगलेली, बांगड्यांच्या वळांसकट.
बाळ पाच आठवडे आधी आलं.
दोन किलोला थोडं कमी. राहिलं.

सगळं राहिलं नाही.
लाइन बाजारातल्या नूतनचं
आठव्या महिन्यात हलायचं थांबलं.
तिचे आकडे सगळे बरोबर होते.
सिस्टरनी तिची खुर्ची काढली नाही.
तीन आठवड्यांनी ती आली, बसली,
माझ्या दंडाला पट्टा बांधला,
आकडा वाचला, मोठ्यानं, नीट.
मी लिहून घेतला.
दुसरं काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही.

माझी लेक दिवाळीच्या पाडव्याची.
थंडी पडल्यावर पद्मल आली, पोर छातीशी बांधून,
पिशवीत तोच निळा ब्लाउज.
"बाही जोड गं. आणि आत घे, लई ढगळ झालाय."
मी शिवण आत घेतली.
माया कापली नाही, आत दुमडून ठेवली.
तीस रुपये द्यायचेत तिनं अजून.