अकरा खुर्च्या

संध्याकाळी सात वाजता
अशोक चौकाजवळच्या गोडाउनच्या पायरीवर बसून
मी रोज एक फोटो टाकते.
म्याकल मंडप डेकोरेशन, सोलापूर.
हळद, साखरपुडा, लग्न. रुखवत मांडून मिळेल.
सात म्हणजे सातच.
लाइट गेली तर टॉर्चच्या उजेडात.

वैशाखात फोटोंना तोटा नसतो.
झेंडूचे पडदे, चंदेरी खांब,
बेचाळीस डिग्रीत कूलर अडवून बसलेली वरमाय.
पण आषाढ सरतो, मुहूर्त आटतात,
गोडाउनात उरतात नुसते पाईप.
पुतण्या म्हणतो, आता कशाला टाकायचं काकू,
कोण लगीन करायलंय?

मी पाईपचा फोटो टाकते.
गंज घासलेला पाईप,
शेजारी घासायचा राहिलेला.
गच्चीभर वाळत घातलेलं लाल कापड.
उंदरांनी कुरतडलेली झालर
आणि तिला टाका घालणारा माझा अंगठा,
सुई टोचलेली दिसतेय नीट बघितलं तर.
सात लाइक.
त्यातले दोन माझेच,
एक माझ्या मोबाईलवरून, एक नवऱ्याच्या.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते.
पाळी संपली की अर्धा मोर मागावर सोडून घरी यायचे.
उरलेला मोर दुसराच कुणी पुरा करायचा.
त्यातून मला काही शिकवून गेले असं नाही.
मागाच्या आवाजानं बहिरे झाले होते,
त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं, एवढंच.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला
सम्मती कट्ट्याकडं तोंड करून आम्ही गर्दीत उभ्या राहतो,
मुठीत अक्षता घामेजतात.
तेच लग्न, दरवर्षी.
झालंय की गेल्या वर्षी, असं कुणी म्हणत नाही.

मेसेज आला पितृपंधरवड्यात,
रात्री सव्वाअकराला.
ताई, अकरा माणसं. मंगळवारी. जमेल का?
मी लिहिलं, पंधरवडा आहे हो.
माहीत आहे, म्हणून तर.
या दिवसांत लग्नाचा संशय कुणाला येत नाही.
मग बराच वेळ नुसतंच 'टायपिंग'.
मग:
दोन वर्षं बघतेय तुमचं, रोज.
लाइक करता येत नव्हतं, भाऊ मोबाईल तपासतो.
ती झालर बघितली होती.
फाटलेलंही दाखवता तुम्ही.
म्हटलं, यांना सांगता येईल.

दोन वर्षं.
मी मोजत होते ते सात,
आणि ही रोज कुठून बघत होती?
न्हाणीघरातून? रिक्षात? भाकरी थापता थापता?

मंगळवारी सकाळी कागदावर सह्या झाल्या.
विजापूर रोडला मैत्रिणीच्या गच्चीवर
मी चार खांब उभे केले, झालर तीच बांधली,
टाक्याची बाजू आत.
मुंडावळ्या मीच बांधल्या.
नवऱ्याचे हात थरथरत होते, हार तिच्या कानात अडकला,
सगळे हसले, मग सगळेच एकदम गप्प झाले.
अकरा खुर्च्या मांडल्या होत्या.
एक शेवटपर्यंत मोकळी राहिली.
कुणी सरकवायला गेलं तर ती म्हणाली, असू दे.
आणि तिच्यावर आपली पर्स ठेवली.

निघताना म्हणाली, फोटो टाकू नका हं ताई.
म्हटलं, नाही.
पैशातले पाचशे परत दिले,
टेम्पोत बसल्यावर वाटलं, द्यायला नको होते,
डिझेलचेच आठशे झाले.

सात वाजले. पायरीवर बसले.
दोन वर्षांतली ही एकच ऑर्डर
जी फक्त या पोस्टांनी आणली,
तीच दाखवायची नाही.
समोर टेम्पोतून उतरवलेल्या खुर्च्या,
एकात एक घातलेल्या. मोजल्या, अकरा.
त्यांचाच फोटो काढला.
पुतण्या म्हणाला, हे काय काकू? लिहा तरी काहीतरी.
काही सुचेना.
'बुकिंग चालू आहे' असं लिहिलं.

रात्रीपर्यंत तीन लाइक.
दोन माझेच.