जिताडा क्रमांक बावन्न

वेसाव्याच्या धक्क्यावर, बर्फ फोडायच्या आवाजात
मी जिताड्याच्या पराचं टोक कापतो,
स्पिरिटच्या कुपीत सोडतो, नंबर लिहितो.

"एवढ्याशात काय गावतं रं तुला?"
धाकलीबाय चिंचय, कोयती न थांबवता.

गोत, मी म्हणतो.
तळ्यातले चाळीस, आया दोनच.
मनोरीच्या खाडीतले अकरा,
अकराही एकमेकांना परके.

ती तळ्यातला एक उचलते. मग दुसरा.
सारखं तोंड, सारखं वजन.
"गिऱ्हाइकाला हेच पायजे.
एकाला रोग लागला का पन समदे गेले."

मग बराच वेळ नुसती खवलं उडतात.

"सून केली भंडाऱ्याची. वरीसभर भांडलो.
नातवाचं डोलं बघ आता."

खाडीतला शेवटचा, वाकड्या जबड्याचा,
ती विकत नाही.
पर तेवढा कापू देते.