जीभ उसनी

दुपारी साडेचारला दार वाजतं.
झुलिखा. हातात वाटी, वाटीत चमचा.
"तुझी जीभ दे जरा."

सोहारच्या या तिसऱ्या मजल्यावर
आमची दारं समोरासमोर, आणि रोजा तिचा.
टोकावर ठेवून थुंकलं तर चालतं म्हणतात, ती सांगते,
पण बारा तास कोरड्या घशाचा
मला भरवसा नाही.

मी चाखते. आंबट, म्हणते. गोडही.
ती वैतागते, "ते लिंबालाही माहीत आहे."
"मग कसं हवं?"
"आधी तोंड आक्रसायला हवं.
मग त्यानंच माफ करायला हवं."

अशी चव मला कुठून कळावी?
मी रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवणारी बाई,
साखर मला मशीन सांगतं, आकड्यात.

आदल्या रात्री ती लिंबं कापते सालीसकट,
चकत्यांना साखर चोळते बोटं चुरचुरेपर्यंत,
कोमट पाणी ओतून वर ताट झाकते.
सकाळी उशीच्या जुन्या अभ्र्यातून गाळते.
दालचिनीचा तुकडा. दूध दोनच चमचे
(यावरून तिच्या दोन मावश्या
सहा वर्षं बोलत नव्हत्या).
शेवटी कपाटातली निळी बाटली.

"मा जहर," ती म्हणाली पहिल्या दिवशी.
मी चमचा खाली ठेवला.
आमच्याकडे जहर म्हणजे काय ते सांगितलं,
तर ओट्याला टेकून हसली, पोट धरून.
तिच्या भाषेत फूल.
संत्र्याच्या कुळातल्या फुलांचं पाणी.

झाकण उघडलं
आणि मी काटोलच्या बगीच्यात.
आंबिया बहार. मधमाश्यांनी हवा जड.
सकाळी झाडाखाली पांढरा सडा
आणि बाबांचा चेहरा उतरलेला: फूलगळ.
गेलं एक संत्र, गेलं दुसरं,
मोठ्यानं मोजायचे ते.
मी चपलेनं सारायची ती फुलं
वाटेत येतात म्हणून.

आणि तिकडे ब्लिदात तिची आई
झाडाखाली चादर अंथरून फांदी हलवते.
पडू दे, म्हणते, अजून पडू दे.
तांब्याच्या भांड्यात उकळून
वाफ धरते थेंबाथेंबानं.

बाबांना फोनवर सांगितलं.
बराच वेळ काहीच नाही. मग,
"मंग फळं कायची लागते त्यायच्या झाडाले?"

रमजान अर्धा सरला तोवर
माझी जीभ थोडी शहाणी झाली.
"अजून माफ नाही झालं," मी म्हणायची
आणि ती मूठभर साखर टाकायची,
काही न विचारता.

तेविसाव्या रोज्याला महामार्गावर बस उलटली.
सकाळपासून नळ्या, नळ्या, गट, क्रॉसमॅच.
पाणीसुद्धा प्यायले नाही,
पुण्यासाठी नव्हे, वेळ नव्हता म्हणून.
परतले तेव्हा अजानला चार मिनिटं.
तिच्या दारात ती, हातात वाटी, कधीची.
दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं तिनं.

मग उशीरच झाला. खजूर. पेला.
दोघींची तोंडं एकदम वाकडी.
आंबट, डोळ्यांत पाणी येईल इतकं.
"माफ?" तिनं विचारलं.
"मुळीच नाही."
आणि दुसरा पेला भरून घेतला.

उरलेलं तिनं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं,
ब्लिदाच्या गल्लीत बांधून देतात तसं,
वर घट्ट गाठ. रात्रपाळीसाठी.
लॅबच्या फ्रिजमध्ये खायचं-प्यायचं ठेवायचं नाही,
मी ठेवलं. सवयीनं चिठ्ठी डकवली.
नाव. तारीख. वेळ.
नमुन्याच्या रकान्याशी पेन अडलं,
मग इंग्रजी अक्षरांत लिहिलं: जहर.

हिंदी येतं तो हात लावणार नाही.
अरबी येतं तो गाठ सोडून वास घेईल.