मानस

राइबंदरच्या धक्क्यावर फेरी लागायला सात मिनिटं.
तेवढ्यात बघ ना गो, म्हणालीस, म्हणून बघते.
क्लासचं नाव: मॅनेजर.
ओळी: तीन हजार चारशे.
जोविता, हा कशाचा मॅनेजर?
तिकिटांचा, खलाशांच्या पगाराचा, भरतीच्या वेळांचा,
आणि पार तळाशी, कॉमेंटमध्ये दडवलेला
कुठल्याशा केकचा हिशोब.

ज्याला नाव सापडत नाही
त्याचं काम अजून ठरलेलं नसतं.
'डेटा' नको. 'टेम्प' नको. 'नवीन२' तर नकोच नको.
पणजीच्या बाजारात जाऊन कुणी
एक किलो मासा मागत नाही.
तारली म्हणतं, मुड्डशी म्हणतं, चोणक म्हणतं,
आणि मगच भावावर येतं.

चल, फेरी लागली. स्कूटरच्या मागे उभी राहा, तिथे वारा कमी.

ती पलीकडची खाजनं बघ.
बांधात दगडी खोबण आहे, तिला लाकडी दारं.
आमच्या सत्तरीत मानस म्हणजे मन.
मानस म्हणजे दार, हे दिवाडीला आल्यावर कळलं.
भरती आली की पाणीच ते ढकलून बंद करतं,
ओहोटीला आतलं पाणी तेच दार लोटून निघून जातं.
मांडवीला ठाऊक नसतं भात किती वर आलंय,
भाताला कुणी सांगत नाही नदी आज किती खारी.
आणि तुझ्या फेरीची टाकी?
सताड उघडी.
कुणीही येतो, इंधन उणे चाळीस लिहून जातो.
टाकी खाजगी ठेव.
किती लिटर उरलंय ते बाहेरच्याला कशाला?
त्यानं एवढंच विचारावं:
पलीकडे पोचशील का?

आता ही वंशावळ.
वाहन, जलवाहन, इंजिनाचं जलवाहन,
फेरी, मोठी फेरी, सणाची मोठी फेरी.
सहा पिढ्या!
आमचं कुळागर विकायचं ठरलं तेव्हा
सतरा सह्या लागल्या होत्या,
चौघे मुंबईत, एक बहरीनला, एकाचा पत्ताच नाही.
बोंदेराला एक जादा खेप सोडायची
तर खापरपणज्याला हात लावायचा?
वारसा जपून घे, पोरी.
इंजिन बोटीत असतं.
इंजिन बोटीचा बाप नसतं.

हसू नकोस.
टेस्ट न लिहिता मीही सोडलं होतं एकदा,
शुक्रवारी, घरी जायच्या घाईत.
दुसऱ्या दिवशी बोंदेरा.
यंत्रानं चारशे माणसांना एकच नंबर दिला: शून्य.
आल्बानो खलाशी रॅम्पवर उभा राहून
बोटांच्या पेरांवर माणसं मोजत होता,
पाऊस, बँडवाले, रंगीत झेंडे,
आणि मी ऑफिसात, पायाखालची फरशी बघत.
तेव्हापासून आधी शून्य प्रवासी चढवून बघते,
मग एक,
मग एक जास्त.

सगळं आजच मोडू नकोस मात्र.
बांधाला चिखल हातानंच लावतात,
वर्षाला थोडा, जिथे खेकड्यानं पोखरलंय तिथे.
एक मेथड बाहेर काढ. टेस्ट चालव. चहा पी.
मग दुसरी.

काय म्हणालीस?
हे असलं कुणी लिहिलं?
इतिहास काढून बघ ना.
काढ, काढ.

हं.
अकरा वर्षांपूर्वीची तारीख,
आणि नाव माझंच.
तेव्हा मलाही कुणीतरी फेरीत गाठायला हवं होतं.

केक आल्बानोच्या निवृत्तीचा होता. साडेसातशे रुपये.
वर्गणी कुणी दिली, कुणी नाही, ते मी तिथेच लिहून ठेवलं होतं,
कारण सगळंच तिथे ठेवायची सवय.
ती ओळ राहू दे.
नाही, तीही काढ.
केक संपला, आल्बानो आता नार्व्याला गळ टाकून बसतो,
माझे पन्नास तेवढे अजून यायचेत.

रॅम्प खाली येतोय. लॅपटॉप मिट.
आधी स्कूटर जाऊ देत.